अंगणात चालवण्यासाठी जुन्या घाटाची आरसी गाडी: निवड, जोडणी आणि पहिली फेरी

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरापुढचे अंगण ४० फूट लांब आणि २८ फूट रुंद आहे. त्याच्या तीन बाजूंना चिऱ्यांचा गडगा आहे आणि चौथ्या बाजूला पडवीच्या पायऱ्या व तुळशीवृंदावन आहे. या अंगणात गेली पाच वर्षे मी रेडिओवर चालणाऱ्या, म्हणजे ज्यांना सगळे आरसी म्हणतात त्या गाड्या चालवतो आणि सुट्टीत आलेल्या भाच्यालाही शिकवतो. सुरुवातीला योग्य माहिती न मिळाल्यामुळे माझे पैसे आणि जवळजवळ एक संपूर्ण उन्हाळा वाया गेला. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून गाडी निवडण्यापासून ती पावसाळ्यासाठी बांधून ठेवण्यापर्यंतचा क्रम येथे दिला आहे.

जुन्या घाटाची गाडी म्हणजे १९७९ ते १९८८ या काळात मुख्यतः जपानी कंपन्यांनी घडवलेल्या आणि गेल्या वीस-एक वर्षांत पुन्हा बाजारात आणलेल्या गाड्या, असे या लेखापुरते समजावे. त्यांत शिझुओका येथील तामिया या कंपनीच्या गाड्या सर्वाधिक आहेत. त्या सुट्या भागांच्या किटच्या रूपात मिळतात आणि मालकाला स्वतः जोडाव्या लागतात. शर्यतीच्या आजच्या गाड्यांच्या तुलनेत त्या हळू चालतात, वळणावर डुलतात आणि खड्ड्यावरून उड्या मारतात. पण छोट्या जागेत नेमके हेच हवे असते, असे माझे ठाम मत आहे.

१. गाडी पाहण्याआधी अंगण मोजा

नवखा माणूस आधी गाडीचा वेग विचारतो, परंतु पहिला प्रश्न जागेचा असायला हवा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साडेपाच मीटर अंतर कापते, म्हणजे माझे अंगण ती दोन सेकंदांच्या थोड्या अधिक वेळात पार करते. ताशी ४० किलोमीटरची गाडी तेच अंतर सेकंदभरात संपवते; त्यात वळण्याचा विचार करायलाही सवड मिळत नाही. विक्रेते मोठ्या अभिमानाने सांगतात ती ताकदवान ब्रशलेस मोटर अंगणात निरुपयोगी ठरते, कारण हातातल्या रिमोटचा वेगाचा ट्रिगर कायम पाव भागापर्यंतच दाबून ठेवावा लागतो.

लांबी-रुंदीनंतर जमीन पाहा. सारवलेले किंवा धोपटलेले अंगण असेल, तर जवळपास कोणतीही गाडी चालते. खडी किंवा जांभ्याची बारीक कच असेल, तर मोठी आणि मऊ चाके हवीत. हिरवळ बोटभर उंचीपेक्षा जास्त वाढलेली असेल, तर लहान चाकांची गाडी तिथेच रुतते आणि मोटर तापते. फरशीवर मात्र काटेरी टायर भराभर झिजतात, हे लक्षात ठेवावे.

२. मूळ जुनी गाडी घेऊ नका, नव्याने काढलेली घ्या

माझी सर्वांत महाग पडलेली चूक इथेच झाली. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसाकडून मी १९८० च्या दशकातली मूळ गाडी घेतली. ती दिसायला देखणी होती आणि स्टिकरही शाबूत होते. पहिल्याच दिवशी ती चालण्याच्या वेगाने गडग्याला टेकली आणि पुढच्या सस्पेन्शनचा हात मुळापासून कट्‌कन तुटला. तुटलेला तुकडा हातात घेतला, तेव्हा त्याची कड खडूसारखी पांढरी आणि भुसभुशीत दिसत होती. प्लास्टिक जुने झाले की त्यातला लवचीकपणा जातो, आणि हे बाहेरून कितीही निरखले तरी समजत नाही.

मूळ गाड्यांत आणखी दोन अडचणी असतात. पहिली अडचण यांत्रिक स्पीड कंट्रोलरची, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागाची आहे. त्यात एक सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर आपला हात फिरवणारी छोटी मोटर) पत्र्याची पट्टी संपर्कबिंदूंवरून सरकवतो आणि कमी वेगाला जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. अंगणात आपण बहुतेक वेळ कमी वेगातच असतो, त्यामुळे हा रेझिस्टर चटका बसण्याइतका तापतो. दुसरी अडचण जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओची आहे. त्याला वारंवारिता ठरवणाऱ्या क्रिस्टलची जोडी लागते आणि शेजारी त्याच वारंवारितेवर दुसरे काही चालू असेल, तर गाडी भरकटते. मूळ गाडी शोकेसमध्ये ठेवण्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. चालवण्यासाठी मात्र नव्याने काढलेली आवृत्तीच घ्यावी. तिचे प्लास्टिक ताजे असते, इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर बसतो आणि सुटे भागही मिळतात.

३. गाडी निवडा

तामियाची ग्रासहॉपर १९८४ मध्ये आली आणि २००५ मध्ये ती पुन्हा काढली गेली. अंगणासाठी पहिली गाडी म्हणून मी हिचेच नाव घेतो. तिच्यात ३८० आकाराची लहान मोटर असते आणि तिचा वेग वर सांगितलेल्या ताशी २० किलोमीटरच्या आसपास राहतो. मागचा गिअरबॉक्स आणि आस हे सगळे एकत्रच वरखाली होते, त्यामुळे खड्यावरून जाताना गाडीचे बूड टुणकन उडते. हा दोष नसून तिचा स्वभाव आहे. बॉडी जाड, कडक प्लास्टिकची असल्यामुळे भिंतीचा मार सोसते. पुढे हात बसला आणि जास्त वेग हवासा वाटला, तर हिच्यात ५४० आकाराची मोटर बसवता येते. म्हणजे गाडी न बदलता ताकद वाढवता येते.

हॉर्नेट ही तिचीच बहीण. तीही १९८४ चीच आणि २००४ मध्ये पुन्हा आलेली. तिच्यात ५४० मोटर पहिल्यापासूनच असते, मागे काटेरी टायर असतात आणि बॉडी पातळ पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते, जी आतून रंगवावी लागते. अंगण ६० फुटांच्या पुढे असेल किंवा जवळ शाळेचे मैदान असेल, तर हॉर्नेट घ्यावी. माझ्या ४० फुटांत ती सतत लगाम ओढून धरलेल्या घोड्यासारखी वाटते.

लंच बॉक्स ही १९८७ ची मोठ्या फुगीर चाकांची पिवळी व्हॅन आहे आणि तीही २००५ मध्ये पुन्हा बाजारात आली. ट्रिगर जोरात दाबला की तिची पुढची चाके हवेत जातात आणि वेगात वळवले की ती कुशीवर कलंडते. लहान मुलांना हीच सर्वांत आवडते, हा माझा अनुभव आहे. तिची चाके हिरवळीतून आणि खडीतून सहज जातात. मात्र गाडी उंच असल्यामुळे पायऱ्यांजवळ आणि कुंड्यांजवळ जपून चालवावी. याच गमतीच्या वर्गात वाइल्ड विली २ मोडते. ही आखूड जीप मागच्या दोन चाकांवर उभी राहूनच अर्धे अंगण पार करते.

फ्रॉग १९८३ ची. तिची मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, म्हणून उंचसखल जमिनीवर ती ग्रासहॉपरपेक्षा शांत चालते. मूळ गाडीत मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणारे जोड लवकर झिजत असत; २००५ च्या आवृत्तीत ते सुधारलेले आहेत. हीच यंत्ररचना मॉन्स्टर बीटल आणि ब्लॅकफूट या मोठ्या चाकांच्या गाड्यांतही असल्यामुळे सुट्या भागांची चणचण भासत नाही.

आता पहिली गाडी म्हणून टाळाव्यात अशा गाड्या पाहू. सँड स्कॉर्चर ही १९७९ ची, फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या रूपातली गाडी २०१० मध्ये पुन्हा आली. माझ्या मते या सगळ्यांत देखणी तीच आहे, पण तिचे सस्पेन्शन धातूचे आहे, किंमत बरीच चढी आहे आणि चिऱ्यावर घासलेली तिची बॉडी पाहून जीव तुटतो. हॉटशॉट ही १९८५ ची, चारही चाकांना शक्ती देणारी गाडी आहे. तिच्यात जोड जास्त आहेत आणि आतपर्यंत गेलेली धूळ काढायची झाली तर अर्धी गाडी खोलावी लागते. क्योशो या जपानी कंपनीची ऑप्टिमा आणि असोसिएटेड या अमेरिकी कंपनीची आरसी१० या शर्यतीसाठी जन्मलेल्या गाड्या आहेत. त्यांना मोकळे मैदान हवे.

४. खोक्यात काय नसते, ते आधी वाचा

किटच्या खोक्यावर गाडीचे सुंदर चित्र असते आणि नवखा माणूस समजतो की, खोके उघडले की गाडी चालेल. माझ्या पहिल्या खरेदीत गाडीच्या किमतीइतकाच खर्च बाकीच्या सामानावर झाला. पुढील यादी हाताशी ठेवून एकदाच सगळे मागवावे:

- २.४ गिगाहर्ट्‌झचा दोन चॅनेलचा (एक वेगासाठी, एक वळण्यासाठी) ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, आणि त्याच्याच जोडीचा, गाडीत बसणारा रिसीव्हर. ट्रान्समीटरवर थ्रॉटल, म्हणजे मोटरला मिळणारा जोर, मर्यादित करण्याची सोय असलीच पाहिजे.
- नेहमीच्या आकाराचा एक सर्व्हो, स्टिअरिंगसाठी.
- इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. काही देशांत विकल्या जाणाऱ्या किटमध्ये तो असतो, जपानी बाजारासाठीच्या किटमध्ये बहुतेकदा नसतो. विक्रेत्याला हे लेखी विचारावे.
- ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आणि तिच्यासाठी योग्य चार्जर.
- ट्रान्समीटरसाठी पेन्सिल सेल.
- ५ × ११ × ४ मिलिमीटरची बॉल बेअरिंग. खोक्यात अनेकदा त्यांच्या जागी प्लास्टिकचे बुश (आस ज्यात फिरतो त्या साध्या कड्या) येतात. किती बेअरिंग लागतील, ते माहितीपुस्तिकेतले बुश मोजून ठरवावे.
- बॉडीला साजेसा रंग. याविषयी पुढे लिहिले आहे.

यांत काटकसर करायची असेल तर रंगावर करावी, बेअरिंगवर कधीही करू नये. जांभ्याची लाल धूळ प्लास्टिकच्या बुशमध्ये शिरली की ती कानशीसारखे काम करते आणि महिन्याभरात चाक लटलट हलू लागते.

५. मागवताना

भारतातल्या हॉबी दुकानात गाडी मिळत असेल, तर चार पैसे जास्त देऊनही तिथूनच घ्यावी. परदेशातून थेट मागवल्यास छापील किमतीवर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क चढते. २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) प्रमाणखूण सक्तीची आहे, त्यामुळे खेळणे म्हणून नोंदवलेल्या पार्सलची चौकशी होऊ शकते. रेडिओसंच आणि लिथियम बॅटरी तर परदेशातून मागवूच नयेत. पहिल्याला बिनतारी उपकरणांचे नियम लागतात आणि दुसरीवर विमानवाहतुकीचे निर्बंध आहेत. या दोन्ही वस्तू देशातच मिळतात.

तरीही बाहेरून मागवायचे ठरवलेत, तर केवायसीसाठी ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, विक्रेत्याचे खरे बिल आणि पैसे भरल्याची पावती ही कागदपत्रे तयार ठेवावीत. काही विक्रेते बिलावर किंमत कमी दाखवण्याची तयारी दर्शवतात. त्याला नकार द्यावा. खोटी किंमत पकडली गेली तर पार्सल अडकते आणि दंडाचा भार तुमच्यावर येतो.

६. जोडणी

जोडणीसाठी दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवा आणि पंखा बंद करून पांढऱ्या चादरीवर बसा, कारण काही स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे असतात. प्रत्येक पिशवीवर एक अक्षर असते आणि माहितीपुस्तिकाही त्याच क्रमाने जाते. पुढच्या पायरीची पिशवी आधी फोडू नये.

साधारण घरात असतो तो फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. जपानी किटचे स्क्रू जपानी मापाचे म्हणजे जेआयएस असतात. दिसायला सारखेच, पण खाचेचा उतार वेगळा असतो. चुकीचा स्क्रू-ड्रायव्हर खाचेतून वर सरकतो आणि चार वेळा सरकला की खाच गोल होऊन स्क्रू कायमचा अडकतो. क्रमांक २ चा एक चांगला जेआयएस स्क्रू-ड्रायव्हर घेतलात, तर निम्मा त्रास वाचेल. त्याखेरीज प्लास्टिक कापायचे निपर, लांब नाकाची पक्कड, धारदार कटर आणि पॉलिकार्बोनेटची बॉडी असेल तर वाकड्या पात्याची कात्री लागते.

प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू स्वतःच आटे पाडतो. तो हळू फिरवावा, जड वाटला की अर्धा वळसा मागे घेऊन पुन्हा पुढे न्यावा आणि डोके प्लास्टिकला टेकले की थांबावे. त्यानंतरचा पाव वळसा आटे खाऊन टाकतो.

सर्व्हो बसवण्याआधी तो मध्यावर आणणे ही सगळ्यांकडून राहून जाणारी पायरी आहे. रिसीव्हर, बॅटरी आणि सर्व्हो टेबलावरच जोडा, ट्रान्समीटरवरचा स्टिअरिंगचा ट्रिम (मध्य थोडा इकडेतिकडे सरकवण्याची सोय) शून्यावर ठेवा, सर्व्हो आपोआप मध्यावर येऊ द्या आणि मगच त्याच्या दांड्यावर किटमधला छोटा प्लास्टिकचा हात बसवा. असे केले नाही तर गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला वळतच नाही, आणि कारण शोधण्यासाठी सगळे पुन्हा खोलावे लागते.

७. रंग

ग्रासहॉपर आणि लंच बॉक्स यांच्या कडक बॉडीला बाहेरून, तर हॉर्नेट आणि फ्रॉगच्या पारदर्शक बॉडीला आतून रंग द्यायचा असतो. दोन्हींचे रंग वेगळे आहेत. तामियाच्या डब्यांवर टीएस असे लिहिलेले रंग कडक प्लास्टिकसाठी आणि पीएस लिहिलेले पॉलिकार्बोनेटसाठी असतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे पारदर्शक बॉडीवर मारू नये. पहिल्याच धडकेत त्याचे पोपडे निघतात.

आतून रंगवताना बॉडी भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, खिडक्यांवर आतून चिकटपट्टी लावा आणि पातळ हात मारा. क्रम नेहमीच्या उलट असतो: गडद रंग आधी, फिका नंतर, आणि फिक्याच्या पाठीमागे पांढरा हात. कोकणात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळी, दमट दिवशी स्प्रे मारला तर रंगावर दुधासारखी पांढुरकी झाक येते आणि ती नंतर जात नाही. कोरड्या दिवशी, सकाळचे दव उडून गेल्यावर हे काम करावे.

बॉडीच्या बाहेरच्या अंगाला एक पातळ संरक्षक पापुद्रा असतो. रंगवताना उडालेले सगळे शिंतोडे त्याच्यावर बसतात, त्यामुळे बॉडी शेवटपर्यंत मळकट आणि फसलेली दिसते. रंग पुरता वाळल्यावर एका कोपऱ्यातून नखाने तो पापुद्रा सोडवला की खालून काचेसारखा चकचकीत रंग वर येतो. हे काम मी दरवेळी भाच्यासाठी राखून ठेवतो.

८. बॅटरी

पहिल्या वर्षी निकेल-मेटल हायड्राइडच वापरा. ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ग्रासहॉपरला अर्ध्या तासाहून अधिक पुरते, आणि मुलांना तेवढे पुष्कळ होते. चार्जर भरल्यावर आपोआप थांबणारा असावा, आणि चालवून आणलेली गरम बॅटरी थंड होऊ दिल्याशिवाय पुन्हा चार्जिंगला लावू नये.

लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोरकस असते, पण तिची शिस्त कडक आहे. स्पीड कंट्रोलरमध्ये तिच्यासाठी कमी व्होल्टेजला थांबण्याची सोय नसेल, तर ती वापरूच नये. किटसोबत येणाऱ्या साध्या कंट्रोलरमध्ये ही सोय अनेकदा नसते. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर), डोळ्यांसमोर, फरशीवर करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये.

९. पहिली फेरी आणि नंतरची देखभाल

सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. हा क्रम उलटा झाला तर गाडी काही क्षण कोणाच्याच ताब्यात नसते. पहिल्या दिवशी थ्रॉटल ५० टक्क्यांवर मर्यादित ठेवा. गाडी तुमच्या दिशेने येत असते तेव्हा डावे-उजवे उलटे होते आणि बहुतेक धडका त्याच क्षणी होतात. त्यावर उपाय सरावाचाच आहे. नारळाची दोन सोडणे दहा फुटांच्या अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवा. भाच्याला हे साधायला तीन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर त्याने एकदाही वृंदावनाला गाडी लावलेली नाही.

खेळून झाल्यावर बॅटरी काढा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. पाण्याने धुऊ नका. उघड्या गिअरवर जास्तीचे ग्रीस थापू नका, कारण त्याला वाळू चिकटते. चाकांच्या नटा प्रत्येक वेळी तपासा आणि धातूत जाणारे स्क्रू सैल होत असतील, तर त्यांना थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा.

मृगाच्या आधी गाडी बांधून ठेवताना चाके जमिनीला टेकू देऊ नका, नाही तर टायर एका बाजूने चपटे होतात. चेसिसखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला की काम होते. लिथियमची बॅटरी असेल तर ती दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून वेगळी ठेवावी. ट्रान्समीटरमधले सेल काढावेत, कारण चार महिन्यांच्या दमट हवेत ते पाझरले तर स्प्रिंगा गंजतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकल्या की गाडी दिवाळीपर्यंत सुखरूप राहते.